सूचना : हीटेड पिटो-एओए प्रोब बसवणाऱ्या सभासदांसाठी

ज्यांच्या होमबिल्ट (स्वतः बांधलेल्या) विमानावर हीटेड प्रोब, म्हणजे हवेचा दाब घेणारी तापती दांडी, बसवायचा आहे, त्यांनी पंखाचा खालचा पत्रा रिव्हेट करण्याआधी हे वाचावे.

प्रोबमधून दोन नळ्या निघतात, एक पिटोची (समोरून येणाऱ्या हवेचा दाब, यावरून वेग कळतो) आणि एक एओएची (अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंख हवेला किती कोनात भिडतो ते). दोन्हींवर आत्ताच लेबल लावा. पंख बंद झाल्यावर कुठली कोणती हे शोधत बसणे म्हणजे निव्वळ डोकेदुखी. हीटर चालू असताना प्रोबच्या धातूच्या नळ्याही तापतात, म्हणून प्लॅस्टिकची नळी अगदी बुडाशी जोडू नका.

नळ्यांची गळती तपासताना तोंडाने फुंकू नये, एअरस्पीड इंडिकेटर (वेग दाखवणारे उपकरण) कामातून जाईल. पाण्याचा मॅनोमीटर (पाण्याच्या उंचीवरून दाब मोजणारी नळी) लावून हळूहळू दाब द्या. सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याचा दाब म्हणजे इंडिकेटरवर १०० नॉट वेग. त्याआधी प्रोबचे निचऱ्याचे बारीक छिद्र टेपने बंद करावे लागते. ती टेप नंतर काढायची आहे, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

कॅलिब्रेशनमध्ये आधी वेग, मग एओए. एकाच उंचीवर वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसशी ताळा घ्या. एओएसाठी स्टॉल (वेग घटवत पंखांची उचल तुटेपर्यंत नेणे) करावेच लागतात: पुरेशी उंची, वेग सेकंदाला साधारण एक नॉट या बेताने कमी, आणि क्रम उत्पादकाच्या मॅन्युअलप्रमाणेच.

हीटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. २००९ मध्ये अपघातात सापडलेल्या एअर फ्रान्स ४४७ या विमानाचे तापवलेले पिटोही बर्फाने चोंदले होते.

जमिनीवर हीटरची चाचणी थोडक्यात उरका, कव्हर आधी काढा, आणि प्रोबला हात लावू नका. हीटर चालतो का, ते मीटरवर करंट बघून ठरवा.