हवेऐवजी ऑक्सिजन, पण ज्योतीचे काय?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कारखान्यांतील कार्बन पकडण्याविषयीच्या आपल्या लेखात, इंधन हवेऐवजी ऑक्सिजनमध्ये जाळले की धुरात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ एवढेच उरते, असे म्हटले आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जुन्या बॉयलरवर हा बदल करायला गेले, की धुरापर्यंत पोचायच्या आधीच बर्नरच्या तोंडाशी गाडी अडते. तिथे ज्योत टिकत नाही.

मिथेनची ज्योत हवेत जास्तीत जास्त 1950 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, शुद्ध ऑक्सिजनमध्ये 2750 च्याही पुढे. बॉयलरला ते पेलणारे नाही. म्हणून धुरातलाच कार्बन डायऑक्साइड परत फिरवून ऑक्सिजनमध्ये मिसळतात. म्हणजे नायट्रोजनची जागा तो घेतो, आणि खोड इथेच आहे. ज्योतीच्या तापमानाला त्याचा एक रेणू नायट्रोजनच्या दीडपटीहून जास्त उष्णता खातो. शिवाय तो गप्प बसत नाही. ज्या हायड्रोजन अणूंच्या जोरावर ज्वलनाची साखळी पुढे सरकते, त्यांनाच तो गिळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवेसारखा 21 टक्के ऑक्सिजन ठेवला तर ज्योत एकतर बर्नर सोडून पुढे सरकते, नाहीतर विझते. व्यवहारात 30 ते 35 टक्के लागतो. 31 ते 33 टक्क्यांना तापमान हवेइतके मिळते, पण ज्योतीचा वेग तरीही बराच कमी राहतो (हवेत तो सेकंदाला सुमारे 38 सेंटिमीटर असतो). तापमान जुळले म्हणजे सगळे जुळले, असे धरून चालणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

अशी मंद ज्योत धरून ठेवायचे काम स्वर्लरचे, म्हणजे बर्नरच्या तोंडाशी बसवलेल्या पात्यांच्या चक्राचे. तिरक्या पात्यांमुळे हवेला फिरकी मिळते. स्वर्ल नंबर (फिरकी किती जोरकस, ते सांगणारा आकडा) साधारण 0.6 च्या वर गेला की मध्यभागी दाब घटतो, तापलेला वायू उलटा बर्नरकडे येतो आणि नव्या मिश्रणाला सतत पेटवत राहतो. मधल्या हबचा (पाती ज्यावर बसवतात त्या गाभ्याचा) व्यास बाहेरच्या व्यासाच्या निम्मा असेल, तर 45 अंशांच्या पात्यांना हा आकडा 0.78 येतो, 30 अंशांना जेमतेम 0.45, म्हणजे उलट्या प्रवाहाचा हा भोवरा बनतच नाही. पण पाती हवी तितकी तिरकी करूनही चालत नाही. ज्योत बर्नरच्या घशात, म्हणजे तोंडाच्या अरुंद भागात, ओढली जाते, गॅसच्या नळ्यांची टोके जळतात.

आता बर्नर तोच ठेवला तर काय होते, त्याचा हिशेब पाहू. एका घनमीटर मिथेनला हवा 9.5 घनमीटर लागते. 30 टक्के ऑक्सिजनचे मिश्रण मात्र 6.7 घनमीटरच पुरते. आकारमान 30 टक्क्यांनी घटले, घनता 1.4 पट झाली. तितकीच उष्णता काढताना फिरत्या प्रवाहाचा संवेग हवेच्या तुलनेत 69 टक्क्यांवर येतो. गॅसच्या झोताचा मात्र होता तेवढाच राहतो. त्यामुळे झोत भोवऱ्याला भेदून आरपार जातो आणि ज्योत सुटते. विंडबॉक्सचा (बर्नरला हवा पुरवणाऱ्या पेटीचा) दाबही याच प्रमाणात उतरतो. मग ऑपरेटरला वाटते डॅम्पर (हवेची झडप) अडकला. दाब पूर्वीच्या आकड्यावर आणायला तो परत फिरवलेला धूर वाढवतो, ऑक्सिजनचे प्रमाण आणखी खाली येते आणि बर्नर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. यावर खरा उपाय म्हणजे बर्नरच्या घशाचे क्षेत्रफळ सुमारे 30 टक्क्यांनी कमी करणे. त्यासाठी ब्लोअरला (हवा ढकलणाऱ्या पंख्याला) पूर्वीच्या जवळपास दीडपट दाब द्यावा लागतो. तो देण्याची त्याची ताकद आहे का, हे आधी तपासावे.

पेटवायचे नेहमीसारखे हवेवरच: आधी पर्ज (भट्टीत साचलेला वायू हवेने बाहेर काढणे), मग पायलट (पेटवणारी छोटी ज्योत), मग मुख्य गॅस. भट्टी तापल्यावर हवा टप्प्याटप्प्याने कमी करत फिरवलेला धूर आणि ऑक्सिजन वाढवावा. प्रत्येक टप्प्यात आधी ऑक्सिजन, मागून धूर. सुरुवात 35 टक्क्यांनी करून ज्योतीचे मूळ बघत खाली उतरावे, उलट करू नये. फ्लेम स्कॅनरची (ज्योत आहे की नाही ते पाहणाऱ्या उपकरणाची) दिशा नव्याने लावावी, कारण मूळ जरा पुढे सरकले तरी जुन्या जागेवरून ते दिसेनासे होते. फिरवलेल्या धुराच्या डक्टमध्ये ऑक्सिजन 23.5 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. उरलेला थेट बर्नरवर सोडावा. त्या नळीला तेल-ग्रीसचा थेंबही चालत नाही.

धुरातल्या ऑक्सिजनचा जुना आकडाही विसरायला हवा. कोरड्या धुरात 3 टक्के म्हणजे हवेवर सुमारे 15 टक्के जादा हवा. 30 टक्के मिश्रणावर तोच आकडा जेमतेम 9 ते 10 टक्के जादा ऑक्सिजन दाखवतो. तेव्हा कार्बन मोनॉक्साइडचे मीटर सोबत हवेच. ऑक्सिजन ढिला सोडावा म्हटले तर एक टन मिथेनला तो 4 टन लागतो आणि ऑक्सिजनच्या प्रत्येक टनामागे 200 युनिटांच्या आसपास वीज जाते. शिवाय भट्टीच्या सांध्यांतून बाहेरची हवा आत शिरली, तर नायट्रोजन परत आलाच. मग पकडायला शुद्ध कार्बन डायऑक्साइड कुठला?

हे जमतच नाही असे नाही. फ्रान्समध्ये लाक येथे टोटल कंपनीने 30 मेगावॉट उष्णताक्षमतेचा जुना गॅस बॉयलर या पद्धतीवर आणून 2010 ते 2013 मध्ये चालवला, आणि कार्बन डायऑक्साइड 27 किलोमीटर दूर रूस येथील रिकाम्या वायूक्षेत्रात सोडला. तिथे बर्नर मात्र ऑक्सिजनसाठीच बनवलेले होते. आपल्याकडे एमआयडीसीतल्या पाइप गॅसवरच्या बॉयलरसाठी कुणी ‘फक्त ऑक्सिजनची लाइन जोडून देतो’ असे कोटेशन दिले, तर त्यात नवा बर्नर, ब्लोअर आणि स्कॅनर धरले आहेत का, आणि 40 टक्के लोडला ज्योत कशी राहते याची चाचणी तो करून देणार का, एवढे लेखी मागावे.

आपले,
दोन ज्वलन अभियंते, पुणे