अलास्काच्या जहाजावर चढण्याआधी

सिॲटल

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

जहाजाचं बुकिंग झालं. जूनच्या शेवटच्या आठवड्यात, पोरांच्या शाळा सुटल्या की सिॲटलहून निघायचं आणि सात रात्रींनी परत सिॲटललाच उतरायचं. फोनवर सांगायला घेतलं की आई आधी पैसे किती पडले ते विचारते, बाबा किती ठिकाणं दाखवणार ते विचारतात, आणि कामाचं सांगायचं राहूनच जातं. म्हणून सविस्तर लिहितेय. दादाला याची प्रिंट काढायला सांगा आणि पासपोर्टच्या फाइलमध्येच ठेवा.

मी हाच प्रवास का निवडला ते आधी सांगते. युरोपच्या बस-सहलींची माहितीही मी काढली होती. रोज नवं हॉटेल, पहाटे बॅगा दाराबाहेर, दिवसभर बसमधून चढ-उतार. बाबांचे गुडघे आणि आईची कंबर दुखली असती, तरी तुम्ही दोघांनी चकार शब्द काढला नसता, आणि मला नेमकं तेच नको होतं. जहाजात खोलीत एकदा बॅग उघडली की शेवटच्या रात्रीपर्यंत ती बंद करायची नाही. पलंग तोच, बाथरूम तेच, आणि डोंगर, बेटं, बर्फ आपणहून खिडकीपाशी येतात. पाय दुखले म्हणून एखादा दिवस खोलीतच बसलात तरी काही बुडत नाही. बाबा, तुम्हाला एकच विनंती आहे. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक बंदरात उतरलंच पाहिजे, हे मनातून काढून टाका. कुठे उतरायचं आणि कुठे नाही ते मी पुढे लिहिलंय.

आता कागदपत्रं. अमेरिकेचा व्हिसा तुमच्याकडे आहे, पण या प्रवासाला कॅनडाचाही लागेल. आपलं जहाज परतीच्या वाटेवर एका संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. आपण खाली उतरलो नाही तरी व्हिसा हवाच, नाहीतर सिॲटलच्या धक्क्यावरच अडवतील. बाबा, यामागचा कायदा तुम्हाला आवडेल. 1886 साली अमेरिकेने ठरवलं की परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी वाहायचे नाहीत. ही मोठी प्रवासी जहाजं जवळजवळ सगळीच परदेशी नोंदणीची, त्यामुळे फेरीत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यासाठी तुम्हाला आता व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायला जायचंय. अर्ज मी इथून ऑनलाइन भरते. याला वेळ लागतो, म्हणून या महिन्यातच उरकू.

औषधांबद्दल मी थोडी कडक होणार आहे. बाबांच्या बीपीच्या आणि आईच्या साखरेच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान दोन आठवड्यांच्या जास्त आणा. सगळ्या मूळ पाकिटात हव्यात, डब्यात काढून ठेवलेल्या नकोत. डॉक्टरांकडून लेटरहेडवर औषधांची मूळ नावं आणि डोस लिहून घ्या, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव इथल्या डॉक्टरला कळत नाही. बाबांच्या शेवटच्या ईसीजीची प्रत सोबत ठेवा. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण तिथली फी भारी असते आणि खोलीच्या हिशेबाला लागते. म्हणून विमा घेताना मी दोन गोष्टी पाहिल्या: जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर तो खर्च मिळतो का, आणि जहाजावरून हेलिकॉप्टरने न्यायची वेळ आली तर त्याचा खर्च कोण देतं. आई, 'एवढा महागाचा विमा कशाला' हे तू बोलणारच, ते मी आत्ताच ऐकून घेतलं असं समज.

जहाज हलतं का? हो, थोडं. सिॲटलहून निघालं की जहाज व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातं. पहिली रात्र आणि दुसरा दिवस, तसंच परतताना, लाटा लागू शकतात. मधले बरेचसे दिवस बेटांच्या आडोशाने जातो, तिथे पाणी शांत असतं. म्हणून मी खोली जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतली आहे, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात, आणि लिफ्टही जवळ आहे. आईला एसटीच्या घाटात अवोमिन लागते, इथेही ती चालेल का आणि किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच आण. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यांनी तर न विचारता अजिबात घेऊ नये. अशी गोळी मळमळ सुरू झाल्यावर फारशी उपयोगाची नसते, आधी घ्यावी लागते. सोबत आलेपाक आण. पोट रिकामं ठेवू नका, आणि गरगरलं तर खोलीत पडून न राहता बाहेर येऊन क्षितिजाकडे बघत बसा.

खोलीतल्या बाथरूमला उंचसा उंबरा असतो. रात्री उठताना बाबांनी दिवा लावल्याशिवाय पाय टाकायचा नाही. आंघोळीला स्टूल मिळतं, मी खोलीवाल्याला सांगून ठेवीन.

आई, आता तुझं देवाचं. खोलीत निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती यातलं काहीच चालत नाही. जहाजात आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे तपासणीत काढून घेतात. विजेची किटली आणि इस्त्रीसुद्धा. तुझा छोटा विठोबा आण, बॅटरीचा दिवा मी घेऊन ठेवलाय. संध्याकाळी दिवा कधी लावायचा हा प्रश्न मात्र तुला पडेल, कारण त्या दिवसांत अलास्कात सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. तू तुझ्या नेहमीच्या सातलाच लाव. झोपताना जाड पडदे ओढून घ्यायचे, नाहीतर शरीराला रात्र झाली हे कळतच नाही.

जेवणाची काळजी करू नका. शाकाहारी मिळतं, आणि आदल्या रात्री मुख्य वाढप्याला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भारतीय भाजी, आमटी, भात करून देतात. या जहाजांवर गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुलं पुष्कळ असतात. महिनोन् महिने घरापासून लांब असतात बिचारी. आई, तू त्यांच्याशी मराठीत बोल. तुला जेवण काय हवं ते मला सांगावंसुद्धा लागणार नाही. शेंगाचटणी, मेतकूट आणि चहाच्या प्रीमिक्सची पाकिटं बंद पॅकिंगमधली आण, गरम पाणी वर खाण्याच्या हॉलमध्ये केव्हाही मिळतं. ताजी फळं आणि कढीपत्ता मात्र भारतातून आणायचा नाही, अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतील. बंदरात उतरतानाही जहाजावरचं सफरचंद पिशवीत टाकून न्यायचं नाही.

आणि हात धुवायचे. साबणाने, नीट, प्रत्येक जेवणाआधी. जहाजावर पोटाची साथ आली तर झपाट्याने पसरते, आणि त्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

कपड्यांसाठी नवी खरेदी नको. सोलापुरातून निघताना तुम्हाला कल्पनाही येणार नाही, पण जूनमध्येही तिथे दिवसा दहा ते सतरा-अठरा अंशच असतं, आणि बर्फासमोर डेकवर वारा सुटला की त्याहून गार वाटतं. एक जाड कोट घालण्यापेक्षा एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे हवेत: आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर पावसाचं जाकीट. जाकिटं माझ्याकडे आहेत. बाबांची माकडटोपी नक्की आणा, नातवंडं हसली तर हसू देत. एका संध्याकाळी सगळे नटून जेवायला जातात, त्यासाठी आईने एक इरकल आणावी.

चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्यायच्या, त्या दुपारनंतर खोलीत येतात. उतरायच्या आदल्या रात्रीही त्या दाराबाहेर ठेवायच्या. दोन्ही वेळा औषधं, पासपोर्ट, चष्मा, बाबांच्या कानाच्या यंत्राचे सेल आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. पहिल्याच दिवशी सुरक्षेची माहिती देतात, ती चुकवायची नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब वाजला की आपल्या ठरलेल्या जागी जमायचं, एवढं पाठ करा.

आता बंदरं. पहिलं केचिकन. तिथे पाऊस जवळजवळ ठरलेला, लाकडी पायवाटा ओल्या असतात. जहाजाजवळच थोडं फिरू, उंच कोरीव टोटेम खांब बघू आणि परत येऊ. जूनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. बोटीने नाहीतर विमानानेच जावं लागतं. तिथे आपण देवमासे बघायला छोट्या बोटीने जाणार आहोत. बोट बंदिस्त आणि आत गरम असते, त्यामुळे आईनेही यायचं. हिवाळ्यात हवाईच्या उबदार समुद्रात पिल्लं घालणारे हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात खायला इथवर येतात.

स्कॅग्वेला मात्र बाबांनी उतरलंच पाहिजे. तिथे व्हाइट पास अँड युकॉन रूटची नॅरोगेज आहे. कॅनडातल्या क्लोंडाइकला सोनं सापडलं म्हणून माणसं हजारोंनी तिथे लोटली, डोंगर चढताना ओझ्याची हजारो घोडी मेली, आणि मग 1898 मध्ये रुळांचं काम सुरू झालं. 1900 मध्ये लाइन पूर्ण झाली. म्हणजे तुमच्या बार्शी लाइटपेक्षा तीनच वर्षांनी धाकटी! तुमची अडीच फुटी, ही तीन फुटी. धक्क्यावरून निघते आणि वीस मैलांत समुद्रसपाटीपासून 2865 फूट चढते, कड्याला बिलगून, लाकडी पुलांवरून, बोगद्यांतून. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी उभी नोकरी काढली त्यांना त्या गाडीत बसून काय काय दिसेल, ते मला बघून कळणार नाही. तुम्ही नातवाला सांगा: चढ केवढा, ब्रेक कसे, वळणावर डबे का कुरकुरतात. जाताना डाव्या खिडकीशी बसा. गाडीतून उतरावं लागत नाही, त्यामुळे गुडघ्यांना काही नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी. त्या दिवशी दुसरा कुठलाही बेत ठेवायचा नाही. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं 1794 मध्ये तिथे गेली तेव्हा खाडी अशी नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत होती. 1879 मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर गेला तर बर्फ साठेक किलोमीटर मागे हटलेलं. आज जहाज आत जातं ती सगळी वाट तेव्हाच्या बर्फाखालची आहे. त्याच्याही आधी तिथे मूळच्या हुना त्लिंगिट लोकांची गावं होती, बर्फ पुढे सरकत आलं तेव्हा त्यांना घरदार सोडावं लागलं. दिवसाला फक्त दोन मोठ्या प्रवासी जहाजांना आत परवानगी असते. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. बाबांनी यंत्र लावून बसावं, जे ऐकू येणार नाही ते मी सांगेन.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि सावकाश फिरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंना दिसतं. पळापळ करू नका. आपल्याच बाल्कनीत खुर्च्या टाकून, पांघरुणं घेऊन बसा. ते बर्फ निळं दिसतं, कारण दाबाने त्यातली हवा निघून गेलेली असते आणि इतक्या घट्ट बर्फात उजेडातला तांबडा रंग शोषला जातो. भिंतीचा तुकडा पडताना आधी दिसतो आणि गडगडाट मागून येतो. आवाज ऐकून मान वळवलीत तर उशीर झालेला असतो, म्हणून नजर बर्फावरच ठेवा. तरंगणाऱ्या तुकड्यांवर सील पडलेले असतात, त्यासाठी दुर्बीण आहे. मोबाइलवर फोटो नातवंडं काढतील.

बंदरात असताना एक पथ्य. परत चढायची वेळ दिलेली असते आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. अलास्काची वेळ सिॲटलपेक्षा तासभर मागे आहे. मोबाइल कधी कुठलं नेटवर्क पकडून कुठली वेळ दाखवेल त्याचा भरवसा नाही, म्हणून बाबांचं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावू. समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवायचा, नाहीतर बिल भयंकर येतं.

पैशांचं एवढंच. जेवण, साधा चहा-कॉफी, पाणी, रात्रीचे कार्यक्रम हे सगळं भाड्यात आलं. नोकरांची बक्षिसी रोज माणशी आपोआप लागते, ती मी आधीच भरली आहे. फोटोवाले जागोजागी फोटो काढतील, ते घेतलेच पाहिजेत असं नाही. कशाचीही किंमत रुपयांत करून बघायची नाही. आईने तर मुळीच नाही. आणि आई, त्या आठवड्यात तू कोणाचं ताट वाढायचं नाही, कोणाच्या घड्या घालायच्या नाहीत. सकाळी उठून 'पोरांना काय करू' हेही विचारायचं नाही.

आता तुमच्याकडून हवंय ते. दोघांच्या पासपोर्टच्या सगळ्या पानांचे फोटो दादाकडून रविवारपर्यंत पाठवा. बाबांना सलग किती चालवतं ते खरं सांगा. मनाला वाटतं ते नको, रोज संध्याकाळी चालता तेव्हा कुठे टेकावं लागतं ते सांगा. त्यावरून विमानतळावर आणि धक्क्यावर चाकाच्या खुर्च्या सांगायच्या आहेत. त्या फुकट असतात आणि त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या.

कळावे. जावई आणि पोरांचा तुम्हाला नमस्कार.

तुमची,
सोनू

ता. क. आई, इरकल हिरवीच आण. आणि दोन किलोच्या वर शेंगाचटणी नको!