नाकारलेले अर्जही मोजा

महोदय,

कॅनडा सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये कृष्णवर्णीय उद्योजकांसाठी बँकांना सोबत घेऊन २२ कोटी १० लाख डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात अडीच लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोय होती, तसेच ६५ लाख डॉलर निव्वळ संशोधनासाठी ठेवले होते. 'दुकान टाकायला निघालेल्याने अहवाल घेऊन काय करायचे?' असे कुणीही विचारेल. मला मात्र हे ६५ लाख सत्कारणी लागले असे वाटते.

बँक कर्ज नाकारते तेव्हा तारण नाही, जामीनदार नाही, जुने व्यवहार दिसत नाहीत असे सांगते. सुटे पाहिले तर प्रत्येक कारण नियमातच बसते. हा नियम आहे की आकस, हे अशी शेकडो प्रकरणे शेजारी शेजारी मांडल्यावरच कळते. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत कृष्णवर्णीय १५ लाखांवर, म्हणजे ४.३ टक्के भरले. पण त्यांच्यापैकी कुणाला बँकेने परत पाठवले, हे जनगणना कशी सांगणार? शिवाय नकार मिळणारच असे धरून काही जण बँकेची पायरीच चढत नाहीत. घरच्या पुंजीवर सलून किंवा खानावळ काढतात. ते तर कुठल्याच रजिस्टरात नसतात. ६५ लाखांच्या संशोधनाचे हे काम ओटावाच्या कार्लटन विद्यापीठाकडे सोपवताना टोरंटोची ड्रीम लेगसी फाउंडेशन ही कृष्णवर्णीयांच्या नेतृत्वाखालील संस्था जोडीला दिली, ते बरेच झाले. सरकारी पाहणी करणाऱ्यापुढे कोण मन मोकळे करतो!

अमेरिकेत लहान उद्योगांच्या कर्ज-अर्जांत वंश आणि लिंगाची नोंद ठेवायचा कायदा २०१० मध्ये झाला. त्याचा अंतिम नियम निघायला २०२३ उजाडले. आकडे कुणाला नको असतात, ते यावरून समजावे.

आपल्याकडे २०१६ च्या 'स्टँड-अप इंडिया'त प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, अशी अपेक्षा होती. मंजूर कर्जांचे आकडे मोठ्या उत्साहाने सांगितले जातात. काउंटरवरूनच 'नंतर या' म्हणून परतवलेल्यांचे काय? राज्यस्तरीय बँकर्स समितीने अशा योजनांतील नाकारलेल्या अर्जांची संख्या जिल्हावार आणि कारणांसह दर तिमाहीला जाहीर करावी. अर्जदारांची नावे अर्थातच नकोत, शाखांची चालतील.

— एक वाचक, नाशिक