आधी वर्गाला शिक्षक, मग शाळेची निवड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षण हक्क कायद्याची (आरटीई) सोडत लागली की महिनाभर खासगी शाळांतल्या वंचित आणि दुर्बल गटांसाठी राखीव २५ टक्के जागांचीच चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण सोडतीत नंबर न लागलेली मुले शेवटी ज्या शाळेत जातात, तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढत नाही. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, हे योग्यच झाले. मात्र शेजारी सरकारी शाळा आहे म्हणजे मुलांची सोय झाली, ही समजूत काही रद्द झालेली नाही.

सोय झाली की नाही, ते शिक्षकांच्या हिशेबावरून कळते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी पट (मुलांची संख्या) ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार आणि १२१ पासून पाच. म्हणजे पाच वर्गांना पाच शिक्षक मिळायचे तर शाळेत १२१ मुले हवीत. सहावी ते आठवीला मात्र दर वर्गाला किमान एक शिक्षक, असे त्याच अनुसूचीत स्पष्ट लिहिले आहे. वाचन आणि गणिताचा पाया ज्या वयात घातला जातो, नेमकी तिथेच ही हमी नाही.

६१ पटाच्या शाळेतली दोन मुले व्हॅनने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाऊ लागली की पट ५९ वर येतो आणि संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे ठरवताना, तिसरे पद अतिरिक्त ठरते. मग एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. तिसरीला वजाबाकी शिकवायची तोवर पाचवी फळ्यावरचे उतरवून घेत बसते. त्यातला एक जण बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला किंवा आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या बैठकीला गेला, की उरलेला एकटा अख्खी शाळा सांभाळतो. त्या दिवशी शिकवणे होत नाही. पालकांना हे दिसते आणि जूनमध्ये आणखी चार दाखले निघतात. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांवर तर निवड करायला दुसरी शाळाच नसते.

पटमोजणीचीही एक गंमत आहे. पद ठरते ते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि तोही आधार वैध असलेल्या मुलांचाच. नावातला एक काना किंवा जन्मतारीख जुळली नाही, तर मूल वर्गात असून हिशेबात नसते. करवीर, हातकणंगले, शिरोळच्या फडांवर ऊसतोड मजुरांची मुले येतात ती गळीत हंगामाबरोबर, म्हणजे मोजणी उरकल्यावर. हंगामभर ती इथल्या वर्गात बसतात, पण त्यांच्यासाठी पद मिळत नाही.

याउलट कोल्हापूर महापालिकेच्या जरगनगर शाळेत प्रवेशासाठी गुढीपाडव्याला पालकांच्या रांगा लागतात. शिष्यवृत्तीच्या निकालाचे नाव सगळे घेतात. पण पट मोठा असल्यामुळे तिथे शिक्षकाला एकच वर्ग सलग सांभाळता येतो, ही गोष्ट निकालाइतकीच महत्त्वाची आहे. नुसत्या पटाने शाळा चांगली होत नाही, हेही खरे. पण पाच वर्ग दोघांवर टाकून ती चांगली झाल्याचे उदाहरण अपवादानेच सापडेल. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आज पालक पाठवायला तयार आहेत, मग दंड कुणाला करायचा?

अनुसूचीतली संख्या किमान आहे. त्याहून जास्त शिक्षक द्यायला राज्याला कायद्याची आडकाठी नाही, अडते ते पैशापाशी. म्हणून आमची मागणी माफक आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेला ३० च्या वर पट असेल तर तीन शिक्षक द्यावेत. पद ठरवताना एका दिवसाचा पट न धरता तीन वर्षांची सरासरी धरावी, आणि हंगामी मुलांची जानेवारीत वेगळी मोजणी करावी.

शिक्षक मिळाल्यावर काय करायचे, हे शाळांना ठाऊक आहे. जुलैत प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला लावायचे. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद यांपैकी ते कुठे अडते ते लिहायचे आणि रोज तासभर त्या त्या गटात शिकवायचे. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, पाठ्यपुस्तकातलाच उतारा देतात, तो मुले तोंडपाठ म्हणून दाखवतात. दुसरी, जुलैत पाडलेले गट मार्चपर्यंत तेच राहतात. उतारा न वाचलेला हवा आणि दर सहा-आठ आठवड्यांनी गट बदलायला हवेत.

पालकांनीही नुसते दाखला काढून मोकळे होऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघर फिरते आणि त्यावर सह्या होतात. जुलैच्या बैठकीला जाऊन तीनच गोष्टी मागाव्यात: आधार न जुळलेल्या मुलांची यादी, वाचनाच्या गटांचा तक्ता आणि वर्षभरात शिक्षक शाळाबाह्य कामावर किती दिवस गेले त्याची नोंद. यादीतली नावे ऑगस्टअखेर दुरुस्त झाली, तर ३० सप्टेंबरला एखादे पद तरी वाचेल.

आपले,
काही निवृत्त मुख्याध्यापक, करवीर, जि. कोल्हापूर