आधी पाळीचा नियम ठरवावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोल-प्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फाशांच्या साहाय्याने कथा पुढे नेण्याचा खेळ, खेळणाऱ्या आणि आपल्या भाषेत असा खेळ रचू पाहणाऱ्या गोव्यातील तरुणांसाठी हे पत्र लिहीत आहे. लढाईत कोणाची पाळी केव्हा येते, हा विषय नियमपुस्तकाच्या शेवटी उरकण्याचा नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

यंदा चवथीच्या सुट्टीत फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी भाचरे आणि पुतणे जमले असताना मी त्यांच्यासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या २०१४ च्या नियमांनुसार एक लढाई मांडली. या नियमात लढाईच्या आरंभी प्रत्येकाने वीस बाजूंचा फासा एकदाच टाकायचा, त्यात पात्राच्या चपळाईचे गुण मिळवायचे आणि येणाऱ्या आकड्यांच्या उतरत्या क्रमाने शेवटपर्यंत पाळ्या घ्यायच्या. बारा वर्षांच्या माझ्या भाचीला २ पडले, तिच्याआधी तिन्ही शत्रूंच्या पाळ्या आल्या आणि तिचे पात्र एकही चाल न करता बेशुद्ध झाले. त्यानंतर पात्राचा जीव वाचतो की नाही, एवढ्यापुरतेच फासे टाकणे तिच्या वाट्याला आले. तिने कोणताही चुकीचा निर्णय घेतला नव्हता, कारण निर्णय घेण्याची वेळच तिच्यावर आली नव्हती.

चपळ पात्राला आधी संधी मिळावी, असा या नियमाचा हेतू सांगितला जातो. हिशेब मांडला तर तो हेतू अर्धवटच साधतो. एका पात्राची चपळाई दुसऱ्यापेक्षा २ गुणांनी जास्त धरली, तर दोन फाशांच्या ४०० शक्यतांपैकी २२९ मध्ये ते पुढे राहते, १५३ मध्ये मागे पडते आणि १८ मध्ये बरोबरी होते. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या संगणकीय खेळात याच कामासाठी चार बाजूंचा फासा वापरला आहे. तिथे तेवढ्याच फरकाने चपळ पात्र १६ पैकी १३ वेळा पुढे असते. बाकी काहीही न बदलता केवळ फासा बदलल्याने चपळाईची किंमत इतकी बदलते, आणि खेळ रचणाऱ्याने ही किंमत जाणूनबुजून ठरवायला हवी.

दुसरे असे की, क्रम एकदा ठरून चक्रासारखा फिरू लागला की पहिला कोण आणि शेवटचा कोण, हा भेद दुसऱ्या फेरीपासून मावळतो (फेरी म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी). आधी येण्याचा सगळा लाभ पहिल्याच फेरीत मिळतो, आणि आमच्याकडच्या लढाया तीन-चार फेऱ्यांतच आटोपत असल्याने तो लाभ फार मोठा ठरतो. त्यात थांबण्याचा प्रश्न वेगळाच आहे. पाच खेळाडूंची आणि शत्रुपक्षाची प्रत्येकी तीन मिनिटे धरली, तर कथेतील सहा सेकंदांची फेरी खेळताना अठरा मिनिटांची होते, त्यातील पंधरा मिनिटे प्रत्येक मूल नुसते बसलेले असते, आणि आपली पाळी केव्हा येणार हे त्याला पक्के ठाऊक असल्यामुळे मधल्या वेळेत त्याचे लक्ष मोबाइलकडे जाते.

ज्याची चाल झाली त्यानेच पुढची पाळी कोणाची ते सांगायचे, अशी पद्धत २०१२ च्या ‘मार्व्हल हिरोइक रोलप्लेइंग’ या खेळात होती. आपल्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही, कारण तो खो आहे. खो-खोत पाटीवर बसलेल्या गड्याला खो केव्हा मिळेल हे ठाऊक नसते, म्हणून तो सावध असतो. इथेही तसेच होते. या पद्धतीतील खरी खुमारी मात्र फेरीच्या शेवटी कळते. फेरीत ज्याची चाल शेवटची, तोच पुढच्या फेरीचा पहिला गडी निवडतो. खेळाडूंनी आपापसांतच खो देत सर्वांच्या चाली आधी संपवल्या, तर शेवटी फक्त शत्रू उरतात, त्यांच्यातील शेवटचा पुढची फेरी पुन्हा आपल्याच पक्षापासून सुरू करतो आणि सगळे शत्रू लागोपाठ दोनदा वार करतात. म्हणून कधी कधी शत्रूलाच मधे खो देणे शहाणपणाचे असते. असा पेच वीस बाजूंच्या फाशातून निर्माण होत नाही.

या पद्धतीतही दोष आहेतच. बुजऱ्या मुलाला खो उशिरा मिळतो, आणि ‘आता कोण?’ यावर चर्चा रंगली की वाचवलेला वेळ त्यातच जातो. एकच बलाढ्य शत्रू असेल तर पाच चालींसमोर त्याची एक चाल तोकडी पडते. त्यासाठी २०१४ च्या नियमांतच मोठ्या राक्षसांना इतरांच्या पाळीनंतर जादा कृती करू देण्याची जी सोय आहे, ती उचलण्यासारखी आहे.

मी घरच्या खेळासाठी खो स्वीकारला असून त्यात दोन दुरुस्त्या केल्या आहेत: खो दहा आकडे मोजेपर्यंत दिला पाहिजे, आणि पहिल्या फेरीत पाळी येण्याआधी बेशुद्ध झालेल्या पात्राला पडता पडता एक चाल करता येईल. दिवाळीच्या सुट्टीत मुले येतील तेव्हा तीच लढाई या नियमाने पुन्हा मांडणार आहे. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कोणी पाळीचा निराळा नियम करून पाहिला असेल, तर त्यांनी तो या सदरात अवश्य कळवावा.

आपला,
एक वाचक, फोंडा