सामाजिक न्याय भवनात आमच्या वाकळीला एक भिंत द्या

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

कोल्हापूर, मे २०२२

मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला, आपला विभाग दरवर्षीप्रमाणे सामाजिक न्याय दिन साजरा करील. त्या दिवशी इथल्या विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आम्हाला एक भिंत हवी आहे. तिच्यावर एक वाकळ लावायची आहे. पंधरा फूट लांब, नऊ फूट रुंद. जिल्ह्यातल्या समलिंगी मुलामुलींनी आणि तृतीयपंथीयांनी ती कोरोनाच्या काळात आपापल्या घरी बसून रंगवली आणि शिवली.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मी स्वतः याच समाजातली आहे. जून हा आमचा अभिमानाचा महिना. २०२० साली जगभरातल्या मिरवणुका बंद झाल्या. २७ जूनला अनेक देशांतल्या संघटनांनी मिळून २४ तासांचा ऑनलाइन सोहळा केला. पण तो बघायला स्वतंत्र खोली लागते, स्वतःचा फोन लागतो. दोन खोल्यांच्या घरात, शेजारी वडील बसलेले असताना, आमची पोरं काय बघणार? त्यातून कापडाची कल्पना निघाली. सुईदोरा घेऊन बसलेल्या माणसाला घरात कुणी हटकत नाही, आणि ते दिवस तर घरोघरी मास्क शिवण्याचेच होते.

प्रत्येकाने दीड फुटाचा एक चौकोन करायचा, एवढंच ठरलं. विषय ज्याचा त्याने ठरवायचा. तयार तुकडा पिशवीत घालून कुणी भाजीवाल्याकडे ठेवायचं, कुणी फाटकाला अडकवून जायचं. कापडावर विषाणू टिकतो का, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून आलेली पिशवी आधी गच्चीवर उन्हात टाकायची आणि मगच उघडायची. पहिली लाट सरली, दुसरी आली, २०२१ च्या जुलैत पंचगंगेचा महापूर आला. काही तुकडे भिजले, त्यांचा रंग पसरला. ते तसेच ठेवले आहेत. असे साठ तुकडे जमले. पेठेतल्या एका मावशींनी खाली जुन्या लुगड्याचं अस्तर लावून त्यावर धावदोरा घातला. त्यांनी कुणाचंही नाव विचारलं नाही. फक्त शिवण कुठे सैल पडली आहे तेवढं दाखवलं.

एका तुकड्यावर तालमीच्या लाल मातीत बुडवलेल्या हाताचा ठसा आहे. तो मुलगा रोज पहाटे आखाड्यात उतरणारा, आणि टाळेबंदीत तालीमही बंद. दुसरा एक तुकडा देवीला वाहिलेल्या जोगत्याचा: हळदीत रंगवलेलं कापड, कडेने कवड्या, मध्ये फुटक्या हिरव्या काकणांचे तुकडे दोऱ्याने असे धरून ठेवलेले की हात फिरवला तरी बोचत नाहीत. मला सगळ्या वाकळीत तो सर्वांत आवडतो. ओढ्यावरच्या रेणुकेच्या आंबील यात्रेत डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मूर्तीची टोपली, घेतलेला जोगत्या दिसला की हे गाव वाकून नमस्कार करतं. तोच माणूस दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली बघायला गेला की त्याला दार बंद. आणखी एका तुकड्यावर नुसता लाल अक्षतांचा सडा आहे. पन्नास माणसांत लग्न उरकायची मुभा मिळाली तेव्हा कित्येक घरांनी कमी खर्चात मुलीचे हात पिवळे करून टाकले. हा तुकडा करणारी मुलगीही त्यांतल्याच एका मांडवातली.

बाजार बंद म्हणजे मंगती, दुकानोदुकानी पैसे मागणं, बंद; लग्नंबारशी नाहीत म्हणजे बधाई, आशीर्वादाची बिदागी, बंद. तृतीयपंथीयांचं पोट हातावरचं. केंद्राने १,५०० रुपयांची मदत जाहीर केली, पण त्यासाठी कागद लागतात आणि कागदावर नाव जुनं. रेशनकार्ड तर ज्या घराने बाहेर काढलं त्याच घरात. अशा दिवसांत यांनी रंग विकत आणून चित्रं काढली, हे आपण लक्षात घ्यावं.

आता अडचण सांगते. शहरातल्या एका सभागृहाकडे आम्ही प्रदर्शनासाठी अर्ज केला. भाडं भरायला तयार होतो. उत्तर आलं, भाग घेतलेल्या सर्वांची नावं, पत्ते आणि आधारकार्डाच्या प्रती जोडा. निसर्गचित्रांच्या किंवा सुलेखनाच्या प्रदर्शनासाठी अशी यादी कुणी मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यांतल्या अनेकांच्या घरी अजून काही माहीत नाही. यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली की ती गल्लीत पोचते, आणि मग कुणाचं शिक्षण थांबतं, कुणाची नोकरी जाते, कुणाला मार बसतो. म्हणून आम्ही अर्ज मागे घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा आणि ती व्यक्त करण्याचा हक्क मान्य केला. २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, आणि माणसाचा लैंगिक कल त्या हक्कात येतो हे त्याच निकालात लिहिलं आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. हे सगळं आपल्या विभागाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही कुणी चित्र टांगायला निघालं तर पहिली मागणी नावांचीच होते.

अशी वाकळ याआधीही झाली आहे. एड्सच्या साथीत मेलेल्यांसाठी ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर एक प्रचंड वाकळ अंथरली होती, तिचा एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे थडग्याएवढा. तिच्यात नावंच शिवली होती, कारण ती कुणी उच्चारत नव्हतं. आमच्या वाकळीत नावं नाहीत. ती शिवायचा दिवस कधी येईल तो येवो. तोवर कापड तरी लोकांसमोर यावं, एवढीच आमची इच्छा आहे.

याच महिन्यात ६ तारखेला सकाळी दहा वाजता अवघं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं, शाहू महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली म्हणून. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या जातींसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्यांनी आपल्या कचेऱ्यांकडे बघितलं आणि इथे कोण नाही, हे शोधलं. सामाजिक न्याय दिनाच्या कार्यक्रमात इथे कोण नाही, हे आपण एकदा बघावं. तृतीयपंथीयांसाठी राज्याने कल्याण मंडळ नेमलं, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण गे मुलाने किंवा लेस्बियन मुलीने आपलं गाऱ्हाणं घेऊन कुठल्या दारात जावं, याचं उत्तर कोल्हापुरात आज कुणाकडेच नाही.

तेव्हा मागण्या दोनच आहेत. भवनाची एक भिंत २६ जूनपासून आठवडाभर द्यावी. आणि परवानगी एका अर्जदाराच्या जबाबदारीवर द्यावी, सहभागींची यादी मागू नये. अर्जावर माझं नाव, पत्ता आणि सही आहे, जी काही चौकशी करायची ती माझ्याकडे करावी. भिंतीला खिळे ठोकावे लागणार नाहीत, वाकळीच्या वरच्या कडेला बांबू ओवण्यासाठी नेफा शिवलेला आहे. लावायला, उतरवायला आणि राखणीला माणसं आमचीच असतील. फक्त १५ जूनपर्यंत कळवावं, म्हणजे गावोगावच्या मुलांना एसटीने येण्याची सोय करता येईल.

आपली,
अर्जदार कलाशिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर