बँकॉकहून, बाबांच्या मागासाठी

बँकॉक,
15 फेब्रुवारी 2015

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल इथला अनंत समाखोम दरबार महाल पाहिला. राजा चुलालोंगकोर्न यांनी 1908 मध्ये बांधायला घेतला, पुरा व्हायला 1915 उजाडलं. इटालियन वास्तुकार, संगमरवरही इटलीचाच. राजेशाहीचे अधिकार गेल्यावर बरीच वर्षं पार्लमेंट इथेच भरायचं. पण मला सांगायचंय ते आत मांडलेल्या हस्तकलेच्या कामाबद्दल. फोटोला बंदी, म्हणून आठवतंय तोवर लिहिते.

भुंगेऱ्यांचे हिरवेगार चकाकते पंख बारीक कापून बसवलेत. आई, आपोआप मेलेल्या किड्यांचेच पंख घेतात. हे आधीच सांगते, नाहीतर तू पुढचं वाचायचीच नाहीस! दक्षिणेकडे यान लिपाव नावाचा वेल होतो. त्याच्या सालीचे दोऱ्याएवढे पट्टे काढून पर्स विणतात. वीण इतकी घट्ट की हात लावल्याशिवाय वेल आहे हे पटू नये, आणि हात लावू देत नाहीत.

बाबा, यांचं मटमी रेशीम तुम्ही बघायला हवं होतं. आपल्या पैठणीची नक्षी मागावर बसून, कांड्या फिरवत उमटते. यांची मागावर यायच्या आधीच बाण्याच्या धाग्यात असते. गाठी मारायच्या, रंगवायचं, सोडायचं, पुन्हा बांधायचं. विणताना धागा जरा सरकला की फूल फाटलंच.

थायलंडच्या राणी सिरिकित 1970 च्या पुरानंतर ईशान्येकडच्या नाखोन फानोमला गेल्या, तेव्हा गावच्या बायका असंच रेशीम नेसून भेटायला आल्या होत्या. त्यातून पुढे 1976 मध्ये या कला शिकवणारी संस्था उभी राहिली. गरीब शेतकऱ्यांची मुलं-मुली घेतली, आणि शिकतानाच त्यांना भत्ता दिला. ही सोन्या-रेशमाची कामं त्या मुलांच्या हातची आहेत.

तो भत्ता काही डोक्यातून जात नाही. येवल्यात आपल्या गल्लीतले माग कला संपली म्हणून थांबले नाहीत, बाबा. हात बसेपर्यंत पोराला पोसायचं कुणी, हा प्रश्न होता. तुमच्याकडे शिकणारा तो मुलगा किती छान मोर काढायला लागला होता! घरी पैसे हवेत म्हणून हॉटेलात गेला.

त्याला परत बोलवा. त्याचा महिन्याचा भत्ता मी पाठवते, पदर एकट्याने विणता येईपर्यंत. तुम्ही नको म्हणाल, म्हणून आईलाच सांगते: आई, त्याच्या घरी तू जाऊन ये. पैसे एक तारखेला तुझ्या खात्यात येतील.

तुमची,
ताई